गणित चालू आहे, बंद करू नये

अकरा नंबरच्या खोलीच्या दाराला सुतळीनं बांधलेला एक पुठ्ठा होता. बियाण्याच्या खोक्याचा. मागच्या बाजूला कापसाच्या बोंडाचं चित्र, आणि पुढच्या बाजूला निळ्या स्केचपेननं वळणदार अक्षरात लिहिलेलं : "गणित चालू आहे. बंद करू नये." परीक्षेच्या दिवसांत बाहेरून येणारे पर्यवेक्षक तो वाचून हसायचे. आत डोकावलं तर एकही माणूस नसायचा. एका लांब बाकावर आठ जुने सीपीयू ओळीनं घुंई घुंई करत बसलेले, खिडक्यांना ओलं गोणपाट, आणि छताचा पंखा एकट्या त्यांच्यासाठी फिरत असलेला.

ती खोली ओव्हाळ मॅडमची.

नेकनूरच्या पुढं, रस्त्याला लागूनच आमचं कॉलेज. मॅडम फिजिक्स शिकवायच्या आणि रोज बीडहून एसटीनं यायच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, अंबाड्यात खोचलेला लाल पेन. तो पेन अंबाड्यातच असल्याचं त्यांना कधी आठवायचं नाही. रोज एकदा सगळ्या वर्गाला तो शोधायला लावायच्या. एसटीत खिडकीशी बसून पेपर तपासायच्या. कंडक्टर तिकिटं फाडत जवळ आला की विचारायचा, "आज किती आडवे पडले, मॅडम?"

"कुणीच न्हाई. तुमची गाडी इतकी हादरती, की एकाला दोन मार्क जास्तच पडले."

वर्गात त्या पुस्तकी मराठीत सुरू करायच्या आणि चिडल्या, रंगल्या किंवा खूश झाल्या की आमच्या बोलीवर यायच्या. बहुतेक तास बोलीतच संपायचा. त्यांच्या तोंडी एक शब्द सारखा होता : "कावून?" म्हणजे का म्हणून. प्रश्न म्हणून नव्हे, अडसर म्हणून. कुणी म्हणालं, "मॅडम, आपल्याकडं न्हाई होत ते," की रस्त्यात आडवी लाकडी फळी टाकावी तसा तो शब्द यायचा. "कावून न्हाई?" मग खडू हातात द्यायच्या. "लिही फळ्यावर. कारण लिही."

तोंडानं सांगितलेलं कारण मोठं वाटायचं. खडूनं लिहायला गेलं की त्याला लाज वाटायची. मी एकदा लिहिलं होतं : "आपल्यासारख्यांना कोण घेणार?" मॅडमनी ते वाचलं, सगळ्या वर्गाला वाचायला लावलं आणि विचारलं, "ह्यात कारण कुठं हाय? हा तर प्रश्न हाय. ज्याला इचारायचा त्याला इचारला का?" मी मान हलवली. "मंग पूस ते."

मी सविता. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली पहिली. आईवडील दर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे आणि मी हंगामी वसतिगृहात राहायची. पदवी म्हणजे आमच्या लेखी पोलीस भरती, नर्सिंग, नाहीतर तलाठ्याची परीक्षा. या तिन्हींत वाईट काहीच नाही, माझा सख्खा चुलतभाऊ पोलीस आहे. पण संशोधन हा पोट भरायचा धंदा असू शकतो, त्याचा पगार मिळतो, त्याला अर्ज करता येतो, हे मला सांगणारं पहिलं माणूस ओव्हाळ मॅडम.

खोलीचा जन्म मी स्वतः पाहिलेला नाही, पण तो इतक्यांदा ऐकला आहे की पाहिल्यासारखाच आहे. कॉलेजला नवे कॉम्प्युटर आले आणि जुन्यांचं निर्लेखन ठरलं. निर्लेखन म्हणजे सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये वस्तूपुढं "निरुपयोगी" असा शेरा मारून ती भंगारात काढणं. ते रजिस्टर खंडू भाऊसाहेबांच्या ताब्यात. हेडक्लार्क. नियमाच्या बाहेर पाय न टाकणारा आणि दुसऱ्याला टाकू न देणारा माणूस. टेम्पो दारात उभा होता, जुनी मशिनं व्हरांड्यात मांडलेली. मॅडम एसटीतून उतरल्या, पर्स खांबाला अडकवली आणि व्हरांड्यातल्याच पॉईंटला एक मशीन जोडून चालू केलं. खरखर झाली, पडदा उजळला.

"भाऊसाहेब, हे चालू हाय. आता लिहा निरुपयोगी."

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर नेला. "मॅडम, डबडं हाय ते."

"डबडं असा शेरा हाय का रजिस्टरमधी?"

नव्हता. संध्याकाळपर्यंत अठरांतली आठ चालू निघाली. भाऊसाहेबांनी ती मॅडमच्या नावे चढवली आणि शेजारी शाईनं लिहिलं, "जबाबदारी प्रा. ओव्हाळ यांची". टेम्पो दहा घेऊन गेला. त्या दिवसापासून भाऊसाहेब मॅडमना बघितलं की विचारायचे, "काय मॅडम, डबडी काय म्हणतात?" मॅडम म्हणायच्या, "तुमची आठवण काढतात."

आठ जुन्या मशिनींचं करायचं काय, हे त्या एका कार्यशाळेतून शिकून आल्या होत्या. मोठ्या शहरात, मोठ्या संस्थेत, सुट्टीत, स्वतःहून गेल्या होत्या. तिथला एक प्रसंग त्यांनी आम्हाला एकदाच सांगितला. चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, कुठून आलात? बीड. तो माणूस म्हणाला, "अच्छा, ऊसतोडवाले!" आणि बिस्किटाकडं वळला. मॅडम त्याला म्हणाल्या, "हो. आणि तुम्ही सकाळपासून जे शिकवताय ना, ते आमच्याकडं फडात चालतं. फक्त इंग्रजीत ऐकायला आले."

सांगताना त्या हसल्या नाहीत. खडू घेऊन फळ्यावर एक चौकोन काढला आणि त्यात उभ्या रेघा मारल्या.

"हा उसाचा फड. एका जोडीनं तोडायचा म्हणलं तर महिना जाईल. मंग मुकादम काय करतो? पाती पाडतो. एक पात एका कोयत्याला, म्हंजे एका जोडीला. समदे एकाच वक्ताला तोडायला लागतात. मोठं गणितबी असंच. वारा कुठं वळंल, औषध कोणत्या रोगाला चिकटंल, जमिनीखालचं पाणी कुठं मुरंल, एका मशीनला इचारलं तर म्हातारं होईल. पाती पाडा आन् हजार मशिनींना वाटा. महासंगणक म्हंजे दुसरं काय न्हाई, लई मोठी टोळी हाय."

मागच्या बाकावरचा इम्रान म्हणाला, "मॅडम, मंग मुकादम कोण?"

"तुमी. तेच तर शिकायचं हाय. कोयता आयुष्यभर चालवला घरच्यांनी. तुमी पाती पाडायला शिका."

मी तेव्हा खाली बघत बसले होते. माझे आईवडील काय करतात हे मी वर्गात कुणाला सांगितलेलं नव्हतं. पहिल्यांदाच ते काम फळ्यावर, विज्ञानाच्या तासाला, शिकण्यासारखी गोष्ट म्हणून मांडलेलं बघत होते.

आमचं पहिलं मोठं गणित विहिरींचं होतं. दोरीला दगड बांधून आम्ही अकरा पोरापोरींनी आसपासच्या गावांतल्या विहिरींचं पाणी मोजलं. नकाशाच्या पाती पाडल्या आणि आठ मशिनींना वाटल्या. प्रत्येक मशीन आपल्या पातीतलं पाणी कसं सरकतं ते काढणार, कडेला आलं की शेजारच्या मशीनला विचारणार, मगच पुढं जाणार. वाटणीच्या वेळी भांडण झालं. एकेक मशीन कुणी ना कुणी पुसूनबिसून आपलं केलेलं, त्याला नाव दिलेलं. माझ्या मशीनला सोपी पात का नाही, यावरून इम्रान आणि एका पोराची जुंपली. शेवटी आम्ही तेच केलं जे टोळीत करतात. सारख्या मापाच्या पाती आणि चिठ्ठ्या. ज्याच्या नशिबात जी निघेल ती.

गणित लावलं. दिवस गेला, दोन गेले. रांगायची गती. मॅडम येऊन बघायच्या, गोणपाटावर पाणी मारून जायच्या. तिसऱ्या दिवशी आमच्या ध्यानात आलं, सहा मशिनी मोकळ्या बसतात आणि दोघी म्हाताऱ्या घाम गाळतात. प्रत्येक कडेला सगळ्यांना त्या दोघींसाठी थांबावं लागतं.

"मॅडम, त्या दोन काढून टाकू," इम्रान म्हणाला.

"कावून?"

"म्हाताऱ्या हायेत."

मॅडमनी आमच्याकडं एकेकाकडं बघितलं. "टोळीत म्हातारं माणूस न्हाई का कुणी? त्याला काय हाकलून देतात?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. माझा भाऊ पोटात होता त्या हंगामात आईच्या कोयत्याला मुकादमानं चिठ्ठी उचलू दिली नव्हती. त्यानं बांधाकडची आखूड पात काढून तिला दिली होती. कुणी कुरकुर केली नाही, कारण तिची पात संपल्याशिवाय कुणाचीच गाडी भरणार नव्हती. मी हे सगळ्यांपुढं सांगून टाकलं.

"मंग?" मॅडम म्हणाल्या. "मशीनला कावून न्हाई?"

त्या दुपारी आम्ही चिठ्ठ्या फाडल्या. म्हाताऱ्यांना आखूड पाती दिल्या, तरण्यांना लांब. गणित असं धावलं की इम्रान बाकावर चढून नाचला. पुढं एका संस्थेतल्या मुलाखतीत मला विचारलं, सगळ्या यंत्रांवर काम सारखं कसं ठेवाल? मी म्हणाले, "सारखं नाही ठेवणार, सारख्या वेळात संपेल असं ठेवेन," आणि आईची आखूड पात सांगितली. समोरचे दोघं हसले. तिसऱ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

त्या मुलाखतीपर्यंत मी पोचले तीही मॅडमच्या पत्रामुळं. ईमेल होता, तरी मॅडम शास्त्रज्ञांना हातानं पत्रं लिहायच्या. "आमच्याकडे आठ जुनी यंत्रे आणि अकरा मुले आहेत. यंत्रांना जागा नको, मुलांना उन्हाळ्यात दोन महिने काम हवे." बहुतेकांची उत्तरं आली नाहीत. एक आलं. मॅडमना एक पुरायचं.

दुसरी गोष्ट मेन स्विचची. दिवाळीच्या सुट्टीत भाऊसाहेबांनी शिरस्त्याप्रमाणं सगळ्या इमारतीचा मेन स्विच पाडला. आमचं गणित नवव्या दिवसावर होतं. सुट्टी संपवून मॅडम आल्या तेव्हा खोली थंड. आम्हाला वाटलं, आता भाऊसाहेबांची खैर नाही. मॅडम ऑफिसात गेल्या, स्टूल मागितलं, आणि गणित पहिल्यापासून लावून ते स्टूल मेन स्विचच्या खाली टाकून बसल्या. तास असला की तासाला, बाकी वेळ स्टुलावर. पेपर तिथंच तपासले, भाकरी आणि कारळाची चटणी तिथंच खाल्ली. संध्याकाळी एसटीला जाताना एका पोराला तिथं बसवून जायच्या.

चौथ्या दिवशी भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, लोक काय म्हणतील? म्या चुकून पाडला."

"म्या कुठं म्हणलं मुद्दाम पाडला?"

"मंग उठा की."

"गणित चालू हाय."

नऊ दिवस बसल्या. त्यानंतर तो पुठ्ठा लागला, आणि आम्हीही एक धडा शिकलो. दर तासाला गणित कुठवर आलं त्याची नोंद ठेवायची, म्हणजे लाईट गेली तरी जिथं थांबलं तिथूनच पुढं. आज मी जिथं काम करते तिथं लाईट जात नाही. तरीही कुठलंही काम लावताना माझा हात आधी त्या नोंदीकडं जातो. बरोबरचे चेष्टा करतात. करू देत.

दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीवर, मॅडमनी खडूनं रकाने आखले होते : हवामान, औषधं, बियाणं, भूकंप, तारे, पाणी. ज्या ज्या शास्त्राला मोठं गणित लागतं त्याचा एक रकाना. कुणी पोरगं त्या वाटेला गेलं की त्याचं नाव रकान्यात, खडूनं नव्हे, ऑईलपेंटनं. भूकंपाचा रकाना बरीच वर्षं मोकळा होता. त्या येईल त्या पोराला विचारायच्या, "भूकंपात जातो का रे?"

ह्या भिंतीपुढं एकदा संस्थेचे अध्यक्ष आप्पा उभे राहिले. त्यांना खोली भरती मार्गदर्शन केंद्रासाठी हवी होती. माणूस वाईट नव्हता. पोरांना नोकरी लागावी हे त्यांना मनापासून वाटायचं.

"मॅडम, ह्या डबड्यांवर पोरांचं पोट भरनार हाय का?"

मॅडमनी भिंतीवरची नावं दाखवली. तेव्हा चारच होती.

"चार," आप्पा म्हणाले. "भरतीत ह्या साली कितीतरी लागले."

"लागू द्या, आप्पा. लई लागू द्या. पण अकरा पोरं खोलीत आली तर अकराच्या अकरा कावून पोलीस व्हावीत? आपल्या लेकरांनी वाऱ्याचं, पाण्याचं गणित कावून करू नये? तेवढं दुसऱ्यांच्या लेकरांनी करायचं आन् आपण टीव्हीवर ऐकायचं?"

आप्पा म्हणाले, "तुमी रिटायर होस्तवर ऱ्हाऊ द्या. ज्या दिवशी तुमी, त्या दिवशी डबडी." आणि गेले.

म्हणजे तारीख ठरली. मॅडमनी ती कधी तोंडातून काढली नाही, पण त्या वर्षापासून त्या पोरांना घाई करायच्या.

तो दिवस मेच्या अखेरचा. सुट्टीचं कॉलेज, अंगावर येणारं ऊन. मी पुण्याहून गेले होते, इम्रान हैदराबादहून. तो आता औषधांच्या रेणूंचं काम करतो, त्याचं नाव दुसऱ्या रकान्यात आहे. छोटासा निरोप समारंभ झाला. आप्पा चांगलं बोलले. नारळ, शाल. मग आप्पांनी भाऊसाहेबांना हळूच खूण केली. बाहेर टेम्पो आलेला आम्ही येतानाच बघितला होता.

मॅडम मात्र सत्काराच्या खुर्चीवर नव्हत्या. अकरा नंबरमध्ये होत्या. शाल बाकावर, पदर खोचलेला, आणि एक बारकी पोरगी, पहिल्या वर्षाची, त्यांच्या शेजारी उभी राहून बटणं दाबत होती.

"काय लावलंय मॅडम?" इम्राननं विचारलं.

"समद्या जिल्ह्याच्या विहिरी. वीस वर्साचं पाणी."

इम्राननं मनात हिशेब मांडला. "ह्या आठांवर दिवाळी येईल की. मॅडम, मला द्या, आमच्याकडं तासाभरात होईल."

"तुझ्याकडं तासात होऊ दे. दिवाळीला दोन्ही उत्तरं ताडून बघू." मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "आरं, मला आज उत्तर न्हाई पायजे. चालू मशीन पायजे."

तेवढ्यात दारात आप्पा, मागं भाऊसाहेब, काखेत ते जाड रजिस्टर, आणि त्यांच्या मागं टेम्पोवाला. मॅडम बाजूला सरकल्या. मला वाटलं, आता तरी बोलतील. भिंतीपुढं उभ्या राहून त्या अंबाडा चाचपत राहिल्या, पेन शोधत.

"लिहा भाऊसाहेब," आप्पा म्हणाले.

भाऊसाहेबांनी रजिस्टर बाकावर उघडलं. मॅडमच्या नावाचं पान. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. एकेका मशीनपुढं वाकले, दिव्याकडं बघितलं, आवाज ऐकला. पहिली, दुसरी, आठवीपर्यंत. त्यांनाही निवृत्तीला एकच वर्ष राहिलं होतं, आणि आप्पांशी वैर घेऊन ते वर्ष काढणं सोपं नव्हतं.

"आप्पा," ते म्हणाले, "निरुपयोगी लिहिता येत न्हाई."

"कावून?" आप्पा म्हणाले.

इम्राननं माझा हात दाबला. खोलीत तो शब्द पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूनं आला होता.

"चालू हायेत. नियम हाय." भाऊसाहेबांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "चालू स्थितीत. ताबा, कार्यालय." खाली सही केली. मग टेम्पोवाल्याकडं बघून, आजवर आमच्यावर ओरडायचे त्याच आवाजात ओरडले, "काय बघतो बे? दारावरचं वाचता येत न्हाई का?"

आप्पांनी भिंतीकडं बघितलं. नावं आता एकोणीस झाली होती. ती मोजल्यासारखी त्यांची नजर फिरली, आणि ते चपला शोधायला गेले.

मॅडमनी शाल पर्समध्ये कोंबली. त्या पोरीला म्हणाल्या, "दर तासाची नोंद बघायची. गोणपाट वाळू द्यायचं न्हाई. भाऊसाहेब इचारतील, डबडी काय म्हणतात. काय सांगायचं?"

"तुमची आठवण काढतात."

बीडची बस आली. आम्ही त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेलो. कंडक्टर नवा होता, त्यांना ओळखत नव्हता. खिडकीशी बसल्या, सवयीनं मांडीवर हात गेला, पण आज तपासायला पेपर नव्हते. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून त्या ओरडल्या. गाडी सुटली होती, इंजिनाच्या आवाजात अर्धंच ऐकू आलं.

"सविते, त्या पोरीला इचार, भूकंपात जाती का!"

लाल पेन अंबाड्यातच होता.